छताखालचे पाणी आणि मुलांचा श्वास
(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी दिलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे जो विषय छापला आहे तो वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या भागातील कित्येक शाळांना उन्हाळ्यात हात धुण्यापुरते पाणी मिळेल की नाही याची विवंचना पडते, तेथे छताखालच्या जलतरण तलावातील हवेची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. आपली बहुतेक मुले पोहावयास शिकतात ती विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात. पाठीला कोरडा भोपळा नाही तर रिकामा डबा बांधलेला असतो आणि थोरला भाऊ किंवा चुलता काठावर दोरी धरून उभा असतो. तेथे भीती बुडण्याची असते. हवेची तक्रार करण्याचे कारण नसते, कारण वर मोकळे आकाश असते.

परंतु अलीकडे काही शहरांतून छप्पर घातलेले, चहूबाजूंनी बंद असे तलाव झाले आहेत, आणि जवळपासच्या शाळा आपल्या मुलांना आठवड्यातून एकदा तेथे नेऊ लागल्या आहेत. हा उपक्रम मला मनापासून आवडतो. पोहता येणे ही चैन नसून जीवरक्षणाची विद्या आहे, आणि ती मुलींनाही तितकीच मिळाली पाहिजे. विहिरीवर मुलींना कोण नेतो? हा उपक्रम भीतीपोटी बंद पडू नये आणि अज्ञानापोटी अपायकारकही होऊ नये, म्हणून मी हा विषय घेतला. दुसरेही एक कारण आहे. या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगते, म्हणजे पुढचे शास्त्रीय विवेचन आपणांस रुक्ष वाटणार नाही.

एका शाळेच्या तपासणीस मी गेले होते. गावाचे व शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील चौथीचा वर्ग दर शनिवारी बसने शहरातील बंदिस्त तलावावर जात असे. तीन-चार आठवडे झाल्यावर काही मुलांचे डोळे लाल होऊ लागले, काहींना कोरडा खोकला येऊ लागला. वर्गात एक मुलगी होती, तिला लहानपणापासून दम्याचा विकार. ती पोहून आली की रात्री तिची छाती वाजे. पालक मुख्याध्यापकांकडे आले. मुख्याध्यापकांनी माझा सल्ला विचारला, आणि मी फारसा विचार न करता शेरेबुकात लिहून टाकले की, ज्या विद्यार्थ्यांना श्वसनाचा विकार आहे त्यांना पाण्यात उतरवू नये. शेरा लिहिताना आपण मोठी दक्षता दाखविली असे मला वाटले, हेही कबूल करते.

शेऱ्याची अंमलबजावणी अक्षरशः झाली. ती मुलगी वर्गाबरोबर तलावावर जाई, कारण शाळेत तिला एकटीला ठेवणार कोण? तेथे इतर मुले पाण्यात उतरत आणि ती काठावरच्या बाकावर सर्वांचे कपडे सांभाळीत तासभर बसून राही. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या शाळेत गेले तेव्हा तिची आई मुद्दाम मला भेटावयास आली. मोलमजुरी करणारी बाई. तिने मला एकच प्रश्न विचारला : “बाई, पोर पाण्यात उतरतच नाही, तरी शनवारी रातच्याला खोकती. मग दोष पाण्याचा कसा म्हणायचा?”

मला उत्तर देता आले नाही. पाण्यात भिजल्याने सर्दी होते, सर्दीने छाती भरते, हे आपण घरोघर ऐकत आलो. माझा शेराही त्याच समजुतीवर उभा होता. जी मुलगी भिजतच नाही तिला ते कारण कसे लागू पडावे? त्या प्रश्नाने मला वाचावयास लावले. जे वाचले ते आता आपणांपुढे ठेवते.

आपण सर्व क्लोरीनशी परिचित आहोत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतो, आणि शाळेच्या नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग आला की नाही हे आपण मुलांना दाखवितो. पिण्याच्या पाण्यात नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा अशी अपेक्षा असते. पोहण्याच्या तलावात अनेक शरीरे एकाच पाण्यात बुडतात, म्हणून तेथे त्याहून कितीतरी पट अधिक, साधारणतः लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम, क्लोरीन ठेवावा लागतो. तो नसेल तर अतिसार, कानाचे आणि त्वचेचे रोग पसरतील. तेव्हा क्लोरीनला शत्रू मानण्याचे कारण नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

मग बंदिस्त तलावाच्या दारात पाऊल टाकताच जो उग्र वास नाकात शिरतो तो कशाचा? बहुतेक लोक म्हणतात, “क्लोरीन फार घातला आहे, पाणी स्वच्छ दिसते.” वस्तुतः तो वास मुख्यत्वे क्लोरीनचा नव्हेच. मुले अंगावरचा घाम, धूळ, तेल घेऊन पाण्यात उतरतात. कित्येक मुले, स्पष्टच बोलावयाचे तर, पाण्यातच लघवी करतात. घामात आणि लघवीत युरिया असतो, थोडा अमोनियाही असतो. पाण्यातील क्लोरीन या नत्रयुक्त पदार्थांशी संयोग पावतो आणि त्यापासून क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिले दोन बऱ्याच अंशी पाण्यातच राहतात. तिसरे ट्रायक्लोरामाइन, त्यालाच नायट्रोजन ट्रायक्लोराइड असेही नाव आहे. हे पाण्यात फारसे विरघळत नाही, चटकन उडून हवेत जाते, आणि पाणी घुसळले गेले की अधिकच वेगाने बाहेर पडते. डोळे झोंबविणारा, घसा खवखवविणारा पदार्थ प्रामुख्याने हाच.

आपणांस याचा अनुभव शाळेतच घ्यावयाचा असेल तर आपल्या मुतारीकडे पाहा. सुट्टीनंतर न धुतलेल्या मुतारीत सेवक टीसीएल पावडर टाकतो आणि क्षणभरात असा दर्प उठतो की डोळ्यांना पाणी येते. पुडा उघडताना इतका वास नव्हता. मुतारीत पडल्यावर तो आला. जी क्रिया तेथे एका कोपऱ्यात जोराने घडते तीच बंदिस्त तलावात मंदपणे, परंतु दिवसभर चालू असते. (विषय निघालाच आहे म्हणून सांगते : मुतारीत टीसीएल आणि फरशी धुण्याचे आम्ल एकामागून एक ओतण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यातून खुद्द क्लोरीन वायू सुटतो. ही सवय आजच बंद करावी. आधी भरपूर पाण्याने धुवावे, मग एकच काहीतरी वापरावे.)

या ट्रायक्लोरामाइनचा इतिहास वरच्या वर्गांना सांगण्यासारखा आहे. १८११ साली ड्यूलाँग या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले. शुद्ध स्वरूपात ते भयंकर स्फोटक असते. ड्यूलाँगला त्यापायी दोन बोटे आणि एक डोळा गमवावा लागला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही यांच्या डोळ्यांना त्याच पदार्थाने इजा झाली. त्यांना लिहिता येईना म्हणून काही दिवस लेखनिक म्हणून एका तरुण बुकबाइंडरला बोलवावे लागले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. तलावाच्या हवेत हा पदार्थ इतका विरळ असतो की स्फोटाचा प्रश्नच उद्भवत नाही. पण डोळा, नाक आणि घसा यांच्याशी त्याचे वैर जुने आहे.

आता हवेचे पाहू. उघड्या तलावावर वारा वाहतो आणि हे वायू निघून जातात. थंड हवेच्या देशांत मात्र हिवाळ्यात तलावावर छप्पर हवे, पाणी कोमट हवे आणि आतली हवाही उबदार हवी. उबदार केलेली हवा बाहेर सोडणे म्हणजे इंधनाचा पैसा बाहेर सोडणे. त्यामुळे तीच हवा पुन्हा पुन्हा फिरविण्याचा मोह व्यवस्थापकांना होतो. शिवाय पोहणाऱ्याचे नाक असते पाण्याच्या पृष्ठभागालगत, जेथे हे वायू नुकतेच पाण्यातून सुटत असतात. शांत बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे सहा-सात लिटर हवा आत घेतो. जोरात पोहणारा त्याच्या कितीतरी पट घेतो, आणि नाकाऐवजी तोंडाने घेतो, म्हणजे नाकाची गाळणी वगळून.

या गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले ते बेल्जियममधून. १९१५ साली ज्या देशाच्या ईप्र गावाजवळ पहिल्या महायुद्धात क्लोरीन वायूचा मोठा हल्ला झाला, त्याच देशात सुमारे नव्वद वर्षांनी हे संशोधन व्हावे, हा योगायोग. तेथे शाळेतर्फे लहान मुलांना नियमितपणे बंदिस्त तलावावर नेण्याची प्रथा आहे. लूव्हाँ विद्यापीठाच्या ब्रुसेल्स येथील विभागातील आल्फ्रेड बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या आतील नाजूक अस्तरात काही प्रथिने असतात. अस्तर शाबूत असेल तर ती रक्तात फारशी उतरत नाहीत; अस्तर झिरपू लागले की रक्तातील त्यांचे प्रमाण वाढते. मातीच्या माठाचे बाहेरचे अंग ओले दिसले की आतले पाणी पाझरते आहे हे आपण ओळखतो, तसेच हे. सुमारे दहा वर्षे वयाच्या २२६ मुलांचे रक्त तपासता असे आढळले की, ज्या मुलाने आयुष्यात बंदिस्त तलावावर जितके अधिक तास घालविले, तितकी त्याच्या रक्तात ती प्रथिने अधिक. पंधरा शाळांतील १,८८१ मुलांच्या माहितीचाही त्यांनी विचार केला, आणि तलावावरील उपस्थिती व दमा यांच्यात संबंध असावा असे मत मांडले.

परंतु मला खिळवून ठेवले ते याच निबंधातील एका लहान प्रयोगाने. सोळा मुले आणि तेरा प्रौढ यांना एका बंदिस्त तलावावर नेऊन त्यांचे रक्त आधी व नंतर तपासले होते. त्यात दिसून आले ते असे : पाण्यात न उतरता, तलावाच्या काठावर केवळ तासभर थांबल्यानेही त्या प्रथिनांचे रक्तातील प्रमाण वाढले होते.

मित्रहो, हे वाक्य मी वाचले आणि ती काठावरची मुलगी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी तिला पाण्यापासून दूर ठेवले होते, हवेपासून नव्हे. ज्या गोष्टीचा तिला त्रास होत असावा ती मी तिला तासभर देवविली, आणि जिचा तिला उपयोग झाला असता तीच काढून घेतली. अशिक्षित म्हणविणाऱ्या तिच्या आईने जे बरोबर हेरले ते प्रशिक्षित शिक्षिका असलेल्या मला दिसले नव्हते.

काठावर उभे राहणाऱ्यांचा पुरावा आणखीही आहे. फ्रान्समध्ये ३३४ जीवरक्षकांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. हवेतील ट्रायक्लोरामाइन जसजसे अधिक, तसतशी डोळे, नाक आणि घसा यांची जळजळ अधिक, असे त्यात दिसले. इंग्लंडमधून २००२ साली तीन कामगारांची हकीकत प्रसिद्ध झाली. तिघेही बंदिस्त तलावावर नोकरी करणारे, आणि तिघांनाही तेथील क्लोरामाइनमुळे दमा जडल्याचे सिद्ध झाले. त्या तिघांपैकी दोघे जीवरक्षक होते आणि एक पोहण्याचा शिक्षक. आपल्या व्यवसायातील माणूस! मुलांचा तास आठवड्यातून एक; शिक्षकाचे सर्व तास तेथेच. तेव्हा तलावावर मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी आपल्या खोकल्याकडेही दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शिकेत तलावावरील हवेत अशा पदार्थांचे प्रमाण घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आत असावे अशी तात्पुरती मर्यादा सुचविली आहे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, “मग बाई, बंद तलावावर मुलांना नेऊच नये हे बरे.” बेल्जियमच्या निबंधानंतर युरोपातील पुष्कळ पालकांच्या मनात हीच शंका आली. परंतु शास्त्रात एका निबंधाने न्याय होत नसतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या परिसरात १९९१ व १९९२ या वर्षांच्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू होता. त्यांपैकी ५,७३८ मुलांच्या पोहण्याचा व श्वसनाचा विचार करणारा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात पोहणाऱ्या मुलांना दमा अधिक झाल्याचे आढळले नाही. उलट, अधिक पोहणाऱ्या मुलांची फुफ्फुसांची कार्यशक्ती किंचित सरस होती, आणि ज्यांना आधीपासून श्वसनाचा त्रास होता त्यांच्यात तर दम्याची लक्षणे कमी होती. पुढे २०१३ साली, दमा असलेल्या मुलांना पोहण्याचे शिक्षण देऊन केलेल्या आठ प्रयोगांचे, एकूण २६२ मुलांचे, एकत्रित परीक्षण झाले. पोहणे त्या मुलांना सोसते, त्यांची फुफ्फुसे आणि दमसास सुधारतो, असा त्याचा निर्वाळा आहे. यात नवल नाही. तलावालगतची हवा दमट असते. धावताना कोरडी, गार हवा छातीत जाऊन श्वासनलिका जशा आवळतात तशा पोहताना सहसा आवळत नाहीत. म्हणून डॉक्टर दमेकऱ्यांना पुष्कळदा पोहण्याचाच व्यायाम सुचवितात. अमेरिकेची एमी व्हॅन डायकन ही लहानपणापासून दम्याने त्रस्त. डॉक्टरांच्या सल्ल्याने पोहू लागली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तिने चार सुवर्णपदके जिंकली.

तरीही दुसऱ्या टोकाची साक्ष विसरता येत नाही. स्पर्धेसाठी रोज अनेक तास सराव करणाऱ्या जलतरणपटूंत दमा व श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता इतर पुष्कळ खेळाडूंपेक्षा अधिक आढळते. फिनलंडमध्ये ४२ निष्णात जलतरणपटूंवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांनी स्पर्धात्मक पोहणे सोडले त्यांच्या श्वासनलिकांचा दाह ओसरला. ज्यांनी चालू ठेवले त्यांचा ओसरला नाही. म्हणजे मात्रेचा प्रश्न आहे. आठवड्यातून एक तास आणि दिवसातून चार तास यांना एकच नियम लावता येत नाही.

या परस्परविरोधी दिसणाऱ्या निष्कर्षांचा मेळ मी माझ्यापुरता असा घालते. पोहण्याचा गुण आणि बंद हवेचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तलावावर त्या एकाच वेळी मुलाच्या वाट्याला येतात. हवा चांगली असेल तेथे गुण वरचढ ठरतो. हवा कोंदट आणि पाणी मलिन असेल तेथे दोष. ब्रुसेल्सचा तलाव आणि ब्रिस्टलचा तलाव सारखाच असेल असे धरून चालण्याचे कारण नाही, आणि आपल्या शहरातला तर तिसराच. म्हणून पोहावे की न पोहावे हा वाद मी बाजूला ठेवते. मला महत्त्वाचा वाटतो तो त्या हवेचा प्रश्न. आणि ती हवा बिघडविण्यात पोहणाऱ्यांचाच वाटा मोठा असल्यामुळे ती सुधारण्याचे काम पुष्कळ अंशी शिक्षकाच्या हातात येते.

मी त्या शाळेच्या मुलांबरोबर एका शनिवारी स्वतः तलावावर गेले. जे पाहिले ते सांगते. बस तासभराच्या प्रवासानंतर पोहोचली. तलावाचा वेळ पैसे मोजून घेतलेला, म्हणून गुरुजींची घाई : “चला रे, कपडे काढा, उतरा.” चाळीस मुले घामेजल्या, धुळकटलेल्या अंगांनी थेट पाण्यात. शौचालय इमारतीच्या मागील बाजूस. तिकडे कोणी गेले नाही. आत उतरण्यापूर्वी अंग धुण्याचे फवारे होते, पण मुलींच्या बाजूस आडोसा नव्हता, त्यामुळे एकही मुलगी तेथे थांबली नाही. वरच्या झरोक्यांना झडपा होत्या. त्या बंद होत्या. दार उघडताच वास आला. तो अर्थात दिवसभराच्या सर्व गर्दीचा होता, आमच्या चाळीस मुलांचाच नव्हे. पण आमचीही त्यात भर पडत होती.

दोष गुरुजींचाही नव्हता. अंघोळीचा वेळ हा त्यांना वाया गेलेला वेळ वाटे, कारण त्याचे कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पाण्यात उतरण्यापूर्वी मिनिटभर जरी चांगले अंग धुतले तरी घाम, तेल व मळ यांचा बराचसा भाग निघून जातो. आइसलँड देशात सार्वजनिक तलावात उतरण्यापूर्वी विवस्त्र होऊन साबणाने अंग धुणे सक्तीचे आहे, आणि शरीराचे कोणते भाग विशेष धुवावयाचे याची चित्रे भिंतीवर लावलेली असतात. आपल्याकडे इतके होणार नाही, होऊही नये. परंतु अंघोळीवाचून देवघरात न जाणाऱ्या समाजाला अंघोळीवाचून तलावात जाऊ नका हे पटविणे फार कठीण पडू नये, असे मला वाटते.

त्या शाळेने पुढे काय केले ते थोडक्यात सांगते, कारण त्यात पैसा जवळजवळ लागला नाही. तलावावर पोहोचल्याबरोबर प्रथम शौचालय, मग फवाऱ्याखाली प्रत्येकाने मोठ्याने साठ अंक मोजेपर्यंत अंग धुणे, मगच पाणी, असा क्रम ठरला. (साठ अंक मोजण्याची कल्पना एका पहिलीच्या बाईंची, गणितही झाले आणि स्नानही!) मुलींच्या फवाऱ्यांपुढे पालक मातांनी जुन्या साड्यांचा पडदा शिवून दिला. पाण्यात लघवी करू नये हे मुलांना लाज न वाटता, रसायनशास्त्राच्या भाषेत सांगण्यात आले. चौथीच्या मुलांना मुतारीचे उदाहरण दिल्यावर ते हसले, पण समजले. दुपारच्या गर्दीच्या वेळेऐवजी सकाळची पहिली तुकडी मागून घेतली. दारात वास उग्र असेल, डोळे झोंबत असतील, त्या दिवशी मुलांना आत न नेता परत आणावयाचे किंवा झडपा उघडून हवा पालटेपर्यंत बाहेर थांबावयाचे, असा अधिकार शिक्षकाला देण्यात आला. याबाबत शिक्षकाचे नाक हे पुरेसे साधन आहे. मात्र आत दहा मिनिटे बसल्यावर नाकाला सवय होते, म्हणून निर्णय दारातच घ्यावा.

आणि जे मूल काही कारणाने पोहणार नाही त्याला काठावर बसवू नये. त्याला बाहेर, मोकळ्या हवेत बसवावे आणि सोबत कोणीतरी द्यावे.

दम्याच्या मुलांविषयी माझा शेरा मी मागे घेतला आणि नवा लिहिला. त्यात एवढेच आहे की, अशा मुलाने पोहावे किंवा नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, विस्तार अधिकाऱ्याने नव्हे. डॉक्टरांनी होकार दिल्यास मुलाचा श्वासातून घ्यावयाच्या औषधाचा पंप शिक्षकाच्या पिशवीत असावा, दप्तरात किंवा बसमध्ये नव्हे. छाती आवळू लागली, बोलताना वाक्य तुटू लागले, तर त्याला ताबडतोब बाहेर हवेत आणावे, बसते ठेवावे, पंप द्यावा. आराम पडला नाही तर दवाखाना. पोहून आल्यावर रात्री खोकला येतो का, हे दुसऱ्या दिवशी घरी विचारावे आणि वहीत नोंदवावे. या नोंदीवाचून आपण अंधारात चालतो. माझी चूक कळली ती एका आईने शनिवार व रात्र यांची मनातल्या मनात नोंद ठेवली होती म्हणून.

ती मुलगी आता पाचवीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला तपासून औषध सुरू केले आणि पोहण्यास परवानगी दिली. तिला पाण्यात तोंड घालण्याचे भय अद्याप वाटते. तरंगता मात्र येऊ लागले आहे. रात्रीचा खोकला अजिबात गेला असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वहीत मागील तीन महिन्यांत दोन शनिवारांपुढे खूण आहे, आणि त्या दोन्ही दिवशी झडपा बंद होत्या अशीही नोंद गुरुजींनी केली आहे. तलावाच्या व्यवस्थापकांना झडपा कायम उघड्या ठेवाव्यात आणि हवा बाहेर ओढणारे दोन पंखे बसवावेत, अशी लेखी विनंती शाळा व्यवस्थापन समितीने केली आहे. उत्तर अजून आलेले नाही. ज्या ज्या शाळा त्या तलावावर मुले नेतात त्यांच्या मुख्याध्यापकांनी आज जेवणाच्या सुट्टीत मला भेटावे. दुसरे पत्र सर्वांच्या सह्यांनी पाठवावयाचे आहे.